'असते' आणि 'आहे' : गंगाधरपंतांच्या पानिपताविषयी, औंढ्याहून

डॉ. जयंत नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर महाविद्यालय उघडले तेव्हा पदव्युत्तर वर्गाला विज्ञानकथेचे प्रकरण शिकवताना आम्ही 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सर्वांत आधी घेतली. आमच्या वर्गात औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी या तालुक्यांतली मुले-मुली बरीच. कथा वाचून झाली, चर्चा सुरू झाली आणि औंढ्याजवळच्या एका खेड्यातून येणारी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या वडिलांनी हळदीचं रान मोडून सोयाबीन पेरलं आणि ते ऐन काढणीला पावसात गेलं. या कथेच्या हिशेबानं कुठंतरी त्यांनी हळदच ठेवली असंल. मग आम्ही हळहळायचं कशाला? आणि पुढल्या साली काय लावायचं याचा इचार तरी कशाला करायचा? दोन्हीबी होणारच की."

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तास संपल्यावर लक्षात आले की तिने विनोद केलेला नव्हता. पुंजयामिकीच्या एका अन्वयार्थावर गेली साठ-सत्तर वर्षे जो मुख्य आक्षेप घेतला जातो, तोच तिने हळदीच्या भाषेत मांडला होता. सर्वच शक्यता प्रत्यक्षात येत असतील, तर 'अमुक घडण्याची शक्यता अधिक' या वाक्याला काही अर्थ उरतो का? हा प्रश्न भौतिकीचा आहे तितकाच इतिहासलेखनाचा आहे, आणि आमच्या मते तो मराठी व्याकरणाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

कथा बहुतेक वाचकांना आठवत असेल. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपताच्या विचारात चालले असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तेथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत आणि इंग्रजांची सत्ता मुंबईपुरती उरली आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळू लागतात. पहिले चार खंड ओळखीचे. पाचव्यात मात्र इतिहास वळण घेतो. बखर काढून पाहतात तेव्हा वळणाची नेमकी जागा सापडते. आपल्या इतिहासात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी तेथे त्यांच्या कानाला चाटून निघून गेली आहे. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत पंतांची जी फजिती होते ती नारळीकरांनी मिस्कीलपणे रंगवली आहे. परत आल्यावर खिशात उरलेले बखरीचे पान हाच त्यांच्याजवळचा पुरावा. त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे दोन टप्प्यांत उलगडा करतात. आणीबाणीच्या क्षणी लहानशा कारणाने मोठा पालट होतो, हे सांगणारा 'कॅटॅस्ट्रॉफी'चा गणिती सिद्धान्त हा पहिला टप्पा, आणि इलेक्ट्रॉनच्या वर्तनातली अनिश्चितता व तिच्यातून निघणारी अनेक विश्वांची कल्पना हा दुसरा. ही कथा इंग्रजीत 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली आणि देशभरच्या मुलांनी वाचली. पानिपताशी काही घेणेदेणे नसलेल्या प्रांतांतही विश्वासरावांचा कान परिचयाचा झाला.

आता व्याकरणाकडे येऊ. क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत शिकतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'विश्वासराव वाचले असते तर मराठे जिंकले असते' हे संकेतार्थाचे वाक्य. त्यात दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात. एक, वाचणे आणि जिंकणे यांचा संबंध आहे. दुसरी, न बोलता सांगितलेली : विश्वासराव वाचले नाहीत. 'असते' या रूपात हा मूक कबुलीजबाब असतोच. पानिपतासंबंधीचे आपले बहुतेक बोलणे, दिवाळी अंकांतल्या लेखांपासून पारावरच्या गप्पांपर्यंत, या एका क्रियारूपावर उभे आहे. नारळीकरांनी केले ते असे की हा संकेतार्थ त्यांनी स्वार्थात नेला. 'वाचले असते' याचे 'वाचले' झाले. एका इतिहासात वाचले नाहीत, दुसऱ्यात वाचले, आणि दोन्ही वाक्ये सारखीच खरी. मराठी गद्यात कल्पित इतिहास पूर्वीही येऊन गेला असेल. परंतु 'असते'चे 'आहे' करण्यासाठी भौतिकीचा आधार घेऊन उभी राहिलेली ही कथा वेगळी ठरते.

हा आधार कोठून आला? पुंजयामिकीत कणाची अवस्था तरंगफलनाने दाखवतात. श्रोडिंगरचे समीकरण या तरंगफलनाला काटेकोर नियमाने पुढे नेते. त्यात 'कदाचित'ला जागा नसते. पण मोजमाप करावे तर अनेक संभाव्य उत्तरांपैकी एकच हाती येते, आणि कोणते येईल हे आधी सांगता येत नाही. सांगता येते ती केवळ संभाव्यता. ती कशी काढावी याचा नियम माक्स बोर्न यांनी १९२६ साली दिला. साहित्याच्या अभ्यासकांना मौज वाटेल अशी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. बोर्न यांनी लेखाच्या मुख्य मजकुरात संभाव्यता तरंगफलनाच्या आयामावरून मिळते असे लिहिले होते; ती आयामाच्या वर्गावरून काढावी ही दुरुस्ती त्यांनी मुद्रिते तपासताना तळटीपेत घातली. विसाव्या शतकातल्या भौतिकीचा एक पायाभूत नियम असा तळटीपेतून आला. याच बोर्न यांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने काढले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५४ मध्ये.

बोर्न यांच्या नियमाने उत्तरे अचूक येत होती, तरी एक अडचण राहिलीच. मोजमापाच्या क्षणी बाकीच्या शक्यतांचे काय होते? रूढ उत्तर असे की तरंगफलन कोसळते आणि एक सोडून सर्व शक्यता नाहीशा होतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या ह्यू एव्हरेट या विद्यार्थ्याला हे मान्य नव्हते. समीकरणात कोसळणे कोठेच नाही, मग ते बाहेरून का आणावे, असा त्याचा सवाल. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधलेखात त्याने मांडले की काहीही कोसळत नाही. सर्व उत्तरे टिकून राहतात, आणि पाहणारा माणूसही प्रत्येक उत्तराबरोबर एकेक होऊन राहतो. त्याने या मांडणीला 'सापेक्ष अवस्था' म्हटले होते. 'अनेक विश्वे' हे नाव तिच्याशी जोडले ते प्रामुख्याने ब्राइस डीविट यांनी. १९७० मध्ये त्यांनी 'फिजिक्स टुडे'त लिहिलेल्या लेखानंतर ही कल्पना सर्वदूर गेली. नारळीकर कथालेखनाकडे वळले तो हाच काळ. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. जगाच्या भौतिकीत चर्चेला नुकताच वेग आलेली कल्पना इतक्या लवकर मराठी कथेत उतरावी, ही आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदवण्याजोगी घटना आहे.

एव्हरेटच्या मांडणीत सगळेच स्वार्थात येते. 'इलेक्ट्रॉन इकडे गेला' हेही खरे, 'तिकडे गेला' हेही खरे. मग बोर्न यांच्या संभाव्यतेचे काय करायचे? विद्यार्थिनीचा प्रश्न येथे येऊन भिडतो.

एक उदाहरण घेऊ. काचेच्या एका तुकड्यावर प्रकाशाचे कण एकेक करून सोडले. बोर्न यांच्या नियमाने प्रत्येक कण परावर्तित होण्याची संभाव्यता १० टक्के आणि आरपार जाण्याची ९० टक्के आहे असे धरू. अनेकविश्ववादाप्रमाणे प्रत्येक वेळी दोन फांद्या फुटतात. दोनच फांद्या, तर संभाव्यता निम्मी-निम्मी असे मनात येणे स्वाभाविक आहे. आता दहा कण सोडू. फांद्यांची संख्या होते १०२४. त्यांपैकी बरोबर पाच कण परावर्तित झालेल्या फांद्या २५२, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. उलट एकही कण परावर्तित न झालेली किंवा एकच झालेला अशा फांद्या सगळ्या मिळून अवघ्या ११. केवळ फांद्या मोजल्या तर पाचाच्या आसपासचे उत्तर वारंवार यायला हवे. प्रयोगशाळेत तसे होत नाही. बोर्न यांच्या नियमाने हिशेब केला तर त्या ११ फांद्यांचे मिळून वजन सुमारे ७४ टक्के भरते आणि २५२ फांद्यांचे वजन ०.१५ टक्क्याच्या आत राहते. प्रत्यक्ष अनुभव या वजनांशी जुळतो. सगळेच्या सगळे दहा कण परावर्तित झाले अशीही एक फांदी आहे. तिचे वजन एक हजार कोटींत एक. पण ती आहे, आणि तिथल्या भौतिकीच्या प्राध्यापकांना काच म्हणजे आरसाच वाटत असणार.

या हिशेबावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शक्यतांची संख्या आणि शक्यतांचे वजन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र यामुळे प्रश्न सुटला असे नाही. 'वजन' हा शब्द आपण वापरला खरा, पण प्रत्येक फांदी सारखीच खरी असेल तर हे वजन कशाचे? कमी वजनाच्या फांदीतला माणूस काही कमी खरा नसतो. त्याला ऊन कमी लागत नाही, की त्याचे दुःख पातळ होत नाही.

यावर दिल्या गेलेल्या उत्तरांपैकी दोन आम्हाला विशेष महत्त्वाची वाटतात. पहिले इस्रायली भौतिकीतज्ज्ञ लेव्ह वैडमन यांनी १९९०च्या दशकात मांडले. मोजमाप होऊन गेले आहे, फांद्या फुटल्या आहेत, पण निकाल अद्याप मला कळलेला नाही. अशा वेळी 'काय घडले' हा प्रश्न नसतो. सर्वच घडले आहे. प्रश्न असतो तो 'मी कोठे आहे' हा. गंगाधरपंतांचे ग्रंथालयातले वर्तन आठवावे. बखर उघडण्यापूर्वी आपण कोणत्या इतिहासात आहोत हे त्यांना ठाऊक नसते. त्यांची शंका घटनेविषयीची नाही, स्वतःच्या ठिकाणाविषयीची आहे. ही शंका खरी आहे आणि तिला कमी-अधिक वजन देता येते.

दुसरे उत्तर ऑक्सफर्डचे. डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये आणि नंतर डेव्हिड वॉलेस यांनी अधिक विस्ताराने, २०१२ च्या आपल्या ग्रंथात, असा युक्तिवाद केला की संभाव्यतेचा अर्थ निवडीत शोधावा. फांद्या फुटणार आहेत हे ज्याला माहीत आहे, असा विवेकी माणूस पैज लावताना, पीक निवडताना, औषध घेताना कसा वागेल? विवेकाच्या काही साध्या अटी मान्य केल्या तर त्याला बोर्न यांच्या वजनांप्रमाणेच वागावे लागते, असे ते दाखवू पाहतात. फांद्या मोजण्याचा मार्ग वॉलेस यांनी मुळातच नाकारला. फांद्यांची निश्चित संख्या सांगताच येत नाही, नदीच्या प्रवाहात किती धारा आहेत हे सांगता येत नाही तसे. या युक्तिवादावर आक्षेपही कडक आहेत. तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट आणि भौतिकीतज्ज्ञ एड्रियन केंट यांच्यासारखे टीकाकार म्हणतात की विवेकाच्या अटींतच निष्कर्ष लपवून ठेवला आहे. शिवाय, माणसाने काय करावे हे सांगून निसर्गात वारंवार काय दिसते याचा खुलासा कसा होणार? वाद मिटलेला नाही, आणि तो मिटला असे सांगणाऱ्या लेखकावर वाचकाने विश्वास ठेवू नये.

आमचे लक्ष येथे पुन्हा व्याकरणाकडे जाते. घडलेल्या गोष्टींच्या यादीत, म्हणजे स्वार्थात, संभाव्यतेला जागा मिळेना. मग ऑक्सफर्डकरांनी तिला कोठे नेऊन बसवले? 'करावे'मध्ये. विध्यर्थाने कर्तव्य, योग्यता, इच्छा यांच्याबरोबर शक्यतेचाही बोध होतो, हे आपण विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. 'मुलांनी अभ्यास करावा' हाही विध्यर्थ आणि 'आज बहुधा पाऊस यावा' हाही विध्यर्थ. कर्तव्य आणि शक्यता एकाच क्रियारूपात कशा आल्या, याचा विचार आपण सहसा करीत नाही. कदाचित भाषेला एवढे पूर्वीपासून जाणवले असावे की पाऊस यावासा वाटणे आणि पेरणी करावी लागणे या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूर नाहीत.

खुद्द एव्हरेटच्या आयुष्यातही याचा एक दाखला मिळतो. प्रबंधाला थंड प्रतिसाद मिळाल्याने म्हणा वा अन्य कारणांनी, त्याने विद्यापीठीय भौतिकी सोडली. प्रबंध छापून येण्यापूर्वीच तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संबंधित शस्त्रप्रणाली मूल्यमापन गटात रुजू झाला होता. तेथे त्याने अणुयुद्धातल्या किरणोत्सारी धुळीने किती माणसे मरतील याची गणिते केली. १९८२ साली, ५१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. सर्व शक्यता घडतात असे मानणारा हा माणूस सेनाधिकाऱ्यांना 'काहीही करा, सगळेच होणार आहे' असे सांगत नव्हता. कोणत्या निर्णयाने किती संहार होण्याची शक्यता आहे, याचे तक्ते तो मांडत होता.

आता पानिपताकडे वळू. इतिहासात 'जर-तर'ला स्थान नसावे असे मानणारे पुष्कळ आहेत. ई. एच. कार यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानमालेत अशा तर्कांना दिवाणखान्यातला खेळ ठरवले. आमचे मत थोडे निराळे आहे. जर-तर वाईट नाही. सर्व जर-तर सारख्याच वजनाचे मानणे वाईट. विश्वासरावांना लागलेल्या गोळीची कथा ऐकताना मनावर असा ठसा उमटतो की तराजू अगदी समतोल होता आणि एका गोळीने तो झुकला. दोन शक्यता, म्हणून निम्मी-निम्मी. काचेच्या उदाहरणातली चूक ती हीच.

घटनाक्रम पाहावा. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. मार्चच्या मध्यास फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. उदगीर आणि परतूर दोन्ही आपल्या मराठवाड्यातली. पानिपताची वाट येथून सुरू होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतले. पण त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये तो उभा राहिला. नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये समोरासमोर. डिसेंबरात, शत्रूची रसद तोडण्याच्या कामी लागलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. लढणाऱ्यांच्या जोडीला मोठ्या संख्येने बुणगे आणि यात्रेकरू, त्यांना पोसायला धान्य नाही, जनावरांना चारा नाही, अंगावर दक्षिणेतले कपडे आणि समोर उत्तरेतली थंडी. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडली तेव्हा विजयाची फांदी अस्तित्वात होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी दुपारपर्यंत ती फुलवूनही दाखवली. तथापि उदगीरच्या वेळी तिचे जे वजन होते ते महिन्यामहिन्याने घटत आले होते. गोळीने उरलेले वजन संपवले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने या मोहिमेच्या वाटा, तारखा, रसद यांचा इतका कसून तपास केला, तो ही घट समजून घेण्यासाठीच, असे आम्हाला वाटते. गोळीचा क्षण कथाकाराला हवा असतो. इतिहासकाराला त्यापूर्वीचे अकरा महिने हवे असतात. शक्यतेचे वजन आकड्यात मांडण्यासाठी त्याच्यापाशी बोर्न यांच्यासारखा नियम नसतो. कागदपत्रे वाचूनच ते तोलावे लागते.

येथे नारळीकरांवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. त्यांच्या राजेंद्र देशपांडेंनी पुंजयामिकीच्या आधी 'कॅटॅस्ट्रॉफी'चा सिद्धान्त आणला, तो याच जाणिवेतून. तराजू नाजूक अवस्थेत आल्याशिवाय गोळी निर्णायक ठरत नाही. प्रश्न उरतो तो बखरीच्या पानाचा. अनेकविश्ववादाच्या शास्त्रीय मांडणीत फुटलेल्या फांद्या भोवतालच्या असंख्य कणांत इतक्या गुंतून जातात की त्यांची पुन्हा गाठ पडणे व्यवहारतः अशक्य असते. दुसऱ्या इतिहासातले पान कोणाच्याही खिशात येत नाही. कथेला ते पान लागते, कारण पुराव्याशिवाय आपण विश्वास ठेवत नाही. भौतिकीला मात्र पानाविना चालवावे लागते, आणि म्हणूनच वजनाचा प्रश्न तिथे इतका कळीचा होतो.

औंढ्याशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला संबंध सर्वांना ठाऊक असलेल्या आख्यायिकेचा. नामदेवांना देवळासमोरून उठवून मागच्या बाजूला पाठवले तेव्हा नागनाथाचे मंदिरच फिरले, असे सांगतात. नंदी देवळाच्या मागे आहे तो या गोष्टीची खूण म्हणून दाखवला जातो. नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही या देवळाशी निगडित. आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले की संतांना अनेक विश्वांचे ज्ञान होते. आम्ही ते वाक्य खोडले. ती आख्यायिका देवळात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही याविषयी बोलते. ते तिचे मोठेपण आहे. तिच्यात पुंजयामिकी शोधणे म्हणजे तिचा खरा मुद्दा पुसणे होय.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. औंढ्यानजीकच्या माळावर 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर केले. पाठोपाठ १७ फेब्रुवारीला भारताच्या मंत्रिमंडळाने येथील प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. या कामात पुढाकार असलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे पुण्याची आयुका, जी नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केली. लहरींचा क्षीण ठसा गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतींवर संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी तेथे दीर्घकाळ काम करीत आले. म्हणजे गंगाधरपंतांचा कर्ता आणि औंढ्याचा माळ यांच्यामध्ये अंतर दिसते तेवढे नाही.

या यंत्राच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसरचा प्रकाश जाऊन आरशांवरून परततो. लहर गेली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडतो, आणि तो मोजायचा असतो. अडचण अशी की प्रकाश कणाकणाने येतो आणि कण पत्र्यावरच्या पावसासारखे अनियमित पडतात. पुढचा थेंब केव्हा पडेल हे सांगता येत नाही. सरासरी तेवढी सांगता येते. बोर्न यांची संभाव्यता येथे गोंगाट म्हणून ऐकू येते. २०१९ पासून अमेरिकेतील यंत्रांत खास तयार केलेल्या 'दाबलेल्या' प्रकाशाने हा गोंगाट कमी करतात. तो नाहीसा होत नाही, एका राशीतला कमी केला की तिच्या जोडीदार राशीतला वाढतो. पहिली लहर जाहीर करताना शास्त्रज्ञांनी 'आम्हाला खात्री आहे' एवढेच म्हटले नाही. असा ठसा निव्वळ योगायोगाने उमटणे दोन लाख तीन हजार वर्षांत एकदाही होणार नाही, असा हिशेब त्यांनी पुढे ठेवला. औंढ्याचे यंत्र अनेक विश्वे आहेत की नाहीत याचा निवाडा करणार नाही. दोन्ही पक्षांची आकडेमोड सारखीच येते, आणि वाद आहे तो अन्वयार्थाचा. साहित्याच्या माणसाला ही परिस्थिती अपरिचित नाही. संहिता एक, शब्द तेच, आणि तरी अर्थावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे.

मग त्या विद्यार्थिनीला काय उत्तर द्यावे? आम्ही दोघांनी पुढच्या तासाला तिला प्रामाणिकपणे सांगितले की विद्वानांत एकमत नाही. पण इतकेही सांगितले की अनेक विश्वे खरी मानणाऱ्यांपैकी जे या प्रश्नाशी झुंजले, त्यांतल्या कोणीही हळहळ व्यर्थ आहे वा निवड निरर्थक आहे असा निष्कर्ष काढलेला नाही. ज्या फांदीत सोयाबीन गेले त्या फांदीत ती आणि तिचे वडील आहेत; दुसरीकडच्या हळदीचा एक दाणाही येथे येणार नाही. आणि पुढल्या साली काय लावावे हे ठरवताना 'हळद किंवा सोयाबीन, दोनच तर आहेत' असे म्हणून भागत नाही. पावसाचे मान, विहिरीचे पाणी, वसमतच्या बाजारातला भाव, घरातले मनुष्यबळ या सर्वांचे वजन करावे लागते. अनेक विश्वे असली तरी हे सुटत नाही, आणि एकच विश्व असले तरी सुटत नाही.

त्यानंतर आम्ही फळ्यावर क्रियापदाचे चार अर्थ लिहिले आणि तिला शेतीवरच चार वाक्ये करायला सांगितली. स्वार्थाचे आणि संकेतार्थाचे वाक्य तिने चटकन लिहिले; ती दोन्ही मागच्या सालाविषयीची होती. आज्ञार्थाला वर्गाने मदत केली. विध्यर्थापाशी ती थोडी थांबली, मग लिहिले : 'यंदा विहिरीकडची अर्धी पट्टी तरी हळदीला ठेवावी.'

आम्ही ते वाक्य तास संपेपर्यंत पुसले नाही.